कान आहे, त्याला काम द्या

पत्र थोडक्यात असं: फोंडा तालुक्यात राहणाऱ्या आणि पणजीत नोकरी करणाऱ्या एका वाचक भगिनींना संगीत नीट समजून ऐकायचं आहे. घरात भजनाची परंपरा आणि देवळाच्या उत्सवातली नाटकं लहानपणापासून पाहिलेली, त्यामुळे नाट्यपदं तोंडपाठ. पण कला अकादमीत केसरबाई केरकर समारोहाला बसलं की शेजारचे कशाला ‘वाह’ म्हणाले ते कळत नाही. मैत्रिणीबरोबर जुन्या गोव्यातल्या मोंत टेकडीवरच्या कपेलात (छोट्या चर्चमध्ये) पाश्चात्त्य संगीत ऐकायला गेल्या, तर टाळ्या कधी वाजवायच्या हेही उमगलं नाही. म्हणून त्यांनी शिस्तीत तीनशे रचनांची यादी केली. युरोपातल्या सतराव्या शतकापासून आणि आपल्याकडच्या पहिल्या तबकड्यांपासून थेट आजपर्यंत, रोज बसमध्ये एक नवी रचना. पाच महिने झाले, डोक्यात काही उरत नाही. त्यांचे प्रश्न तीन आहेत. माझा कानच कच्चा आहे का? आधी हार्मोनियमचा क्लास लावू का? की पाश्चात्त्य नाद सोडून आपलं तेवढंच ऐकू?

कानाचं आधी. ज्यांना नाट्यपदं तोंडपाठ आहेत त्यांचा कान कच्चा नसतो. उत्सवाच्या नाटकात एखाद्या नटाने पद भलत्याच सुरात उचललं तर तुम्हाला चटकन खटकत असणार. घुमट या मातीच्या वाद्यावरच्या आरतीत शामेळ हे जोडीचं तालवाद्य वाजवणारा लयीत मागे पडला तर टाळ्या वाजवणारे तुमचे हात अडखळत असणार. खटकतं, कारण पुढे काय यायला हवं होतं ते तुम्हाला ठाऊक असतं. गाणं कळणं म्हणतात त्यातला मोठा भाग एवढाच आहे: पुढचं येण्याआधी त्याचा अंदाज असणं, आणि तो खरा ठरला, लांबवला गेला किंवा चुकवला गेला की ते जाणवणं. समारोहातली दाद बहुधा अशाच जागी येते. (बहुधाच म्हणायचं. राग ओळखल्यासारखी मान हलवणाऱ्या शेजाऱ्याने पुष्कळदा फक्त निवेदन लक्ष देऊन ऐकलेलं असतं.)

मग अडलं कुठे? यादीत. रोज नवी रचना ऐकली की एकाही रचनेबद्दल अंदाज बांधायला सवड मिळत नाही. आणि काळाच्या क्रमाने जायचं ठरवल्यामुळे तुम्ही सगळ्यात परक्या ठिकाणाहून सुरुवात केलीत. इतिहास लिहायला तो क्रम ठीक आहे. ऐकायला मात्र ओळखीच्या जागेवरून निघावं आणि तिथून एकेक पाऊल मागे किंवा बाजूला टाकावं. तीनशेऐवजी वर्षाला बारा रचना घ्या. एक रचना निदान तीन आठवडे सोडू नका, आणि प्रत्येक वेळी कानाला एकच प्रश्न द्या: यात धरून काय ठेवलंय आणि हलतंय काय? प्रत्येक शैली काहीतरी पक्कं ठेवते आणि त्याच्या आधाराने बाकीचं खेळवते. पक्कं काय ते सापडलं की खेळ आपोआप ऐकू यायला लागतो. ते सापडलं नाही तर अर्धा तास नुसता आवाज जातो, मग गाणारा कितीही मोठा असो.

ख्यालात, म्हणजे समारोहात मुख्यतः गातात त्या प्रकारात, दोन गोष्टी पक्क्या असतात, ताल आणि राग. आधी ताल धरा. तीनतालातली मध्य लयीची एखादी बंदिश निवडा. सोळा मात्रा, चार-चारचे चार भाग. बोटांवर मोजत बसलात तर पहिली तान (स्वरांची झपाट्याची ओळ) आली की मोजणी सुटेल. सगळ्यांची सुटते. मोजण्यापेक्षा डग्गा, म्हणजे तबल्याच्या जोडीतला खर्जाचा भाग, ऐका. ठेका असा: धा धिं धिं धा, धा धिं धिं धा, धा तिं तिं ता, ता धिं धिं धा. दहाव्या मात्रेला ‘तिं’ येतो तेव्हा डग्ग्याची घुमी थांबते आणि नुसत्या तबल्याचा आवाज उरतो. चौदाव्या मात्रेला ‘धिं’बरोबर घुमी परत येते. परतलेल्या घुमीचे तीन ठोके जाऊ द्या, चौथा ठोका म्हणजे सम, तालाच्या फेरीची पहिली मात्रा. एवढं एक सापडलं की मोजण्याची गरज राहत नाही. चारपाच दिवसांत मधल्या मात्रांकडे लक्ष न देताही सम येतेय हे कळायला लागतं आणि गायक तिच्याकडे कुठून निघाला, थेट आला की वळसा घालून आला, हे दिसू लागतं. तबलजी ठेका फार भरून वाजवत असेल तर घुमीचा हा खेळ झाकला जातो. सुरुवातीला साधा, स्वच्छ ठेका असलेलं ध्वनिमुद्रणच घ्या.

विलंबित (फार संथ) एकताल सध्या बाजूला ठेवा. बारा मात्रांचं एक आवर्तन, म्हणजे तालाची एक फेरी, पाऊण मिनिटाच्याही पुढे जाऊ शकतं, आणि तेवढा वेळ नवा कान धीर धरत नाही. समारोहात तुमचं लक्ष पहिल्या दहा मिनिटांतच सुटत असेल तर कारण बहुतेक हेच. तिथे मात्रांचा नाद सोडून मुखडा धरा. बंदिशीचे समेवर नेणारे पहिले दोनतीन शब्द पुन्हा पुन्हा येतात. ते आले की आवर्तन पुरं झालं.

रागाच्या बाबतीत नावं ओळखायच्या मागे लागू नका. भूप आणि देशकार या दोन्ही रागांत सा रे ग प ध हे पाचच स्वर आहेत, तरी ते दोन वेगळे राग आहेत. भूप गंधाराकडे (ग) झुकतो आणि शांतपणे खालच्या अंगाला, म्हणजे सप्तकाच्या खालच्या अर्ध्यात, रमतो. देशकार धैवतावर (ध) उभा राहतो, त्याचं सगळं वजन वरच्या अंगाला. किशोरीताई आमोणकरांचा ‘सहेला रे’ हा भूप आठवडाभर ऐका, पुढच्या आठवड्यात कोणाचाही देशकार ऐका, आणि कानाला विचारा: आवाज कुठे थांबतोय? कोणत्या स्वरावर टेकला की बरं वाटतंय? स्वराचं नाव सांगता आलं नाही तरी चालेल. सुरुवातीला तंबोरा वाजत असताना ‘सा’ गुणगुणून पक्का करा, मग ती विसाव्याची जागा सा पासून जवळ की लांब एवढं कळलं तरी पुरे.

आपल्याकडे एक चूक अभिमानापोटी होते. केसरबाई केरीच्या, मोगूबाई कुर्डीच्या, तेव्हा सुरुवात जयपूर घराण्यापासूनच व्हायला हवी असं वाटतं. अभिमान योग्य आहे, पण या घराण्याची आवड अनवट (क्वचित गायल्या जाणाऱ्या) आणि जोड रागांची. दोन राग एकमेकांत विणलेले आणि ‘आ’काराच्या गाण्याने भरलेलं आवर्तन. केसरबाईंचा ललिता गौरी ऐकायला आधी त्यात मिसळलेले रंग सुटे ओळखीचे हवेत. तिथवर जायचं आहेच. पण भूप, यमन, भैरवी यांच्या मार्गाने.

आता मोंतच्या कपेलातली अडचण. टाळ्यांचं सोपं आहे. कार्यक्रमपत्रिकेत एका रचनेचे तीन किंवा चार भाग छापलेले असतात, मधल्या थांब्याला वाजवायच्या नाहीत. वादक वाद्यं खाली घेईपर्यंत थांबा. (मोझार्टच्या काळी लोक मध्येच खुशाल दाद देत. ही शिस्त नंतरची आहे, तेव्हा चुकलं म्हणून खजील होऊ नका.)

खरी अडचण निराळी. रागदारीवर वाढलेला कान सवयीने वरची चाल ऐकतो आणि त्या चालीत मींड, कण, खटका अशा स्वरांमधल्या घसरणी आणि नाजूक वळणं शोधतो. ते तिथे नसतं, म्हणून सगळं कोरडं वाटतं. घडामोड खाली चाललेली असते, एकाच वेळी वाजणाऱ्या स्वरांच्या थरांत. उलट, चर्चच्या कॉयरमध्ये गायलेल्या माणसाला ख्याल ऐकताना वाटतं की हे लोक अर्धा तास एकाच जागी का बसलेत? त्याचा कान खालचा थर बदलायची वाट पाहतो, आणि खाली तर तंबोरा अखंड तोच. दोघेही लक्ष देऊन, पण चुकीच्या जागी ऐकत असतात.

थर ऐकायला शिकायचे तर गोव्यासारखी जागा नाही. मांडो, म्हणजे गोव्यातल्या ख्रिस्ती घरांतलं संथ कोंकणी गीत, बहुतेक वेळा दोन आवाजांत गातात. एक आवाज मुख्य चाल घेतो, दुसरा तिच्याखाली ठरावीक अंतर राखून चालतो, बऱ्याचदा सा आणि ग यांत असतं तेवढं. उन्हाळ्यात वाड्यावरच्या खुरसापुढे (क्रूसापुढे) लादाईन ही प्रार्थना म्हणतात, ख्रिस्ती उपासाच्या काळात मोतेत ही भक्तिगीतं गातात, तिथेही हेच ऐकू येईल. तुमच्या मैत्रिणीला वरची चाल गायला सांगा आणि तुम्ही खालची गुणगुणा. पहिल्या ओळीलाच तुम्ही घसरून तिच्या चालीवर जाल. मग खालची ओळ आधी एकट्याने चारपाच वेळा म्हणून पक्की करा, आणि नंतर एका कानावर हात ठेवून तिच्याबरोबर गा. एक कडवं जमलं की ऐकताना दोन्ही ओळी सुट्या दिसायला लागतात. लगे हाथ लयही पाहून घ्या. मांडो सहाच्या संथ चालीत असतो, त्यामागून येणारी दुलपदं ही गाणी सहाचीच पण उडती, आणि देखणी हे नाचाचं गाणं दोनच्या ठेक्याचं. एकाच संध्याकाळी तिन्ही कानावर पडतात.

तिथून युरोपातल्या सतराव्या शतकात जाणं अवघड नाही. पाखेलबेलचा ‘कॅनन’ तुम्ही लग्नाच्या व्हिडिओंत नकळत ऐकलेला असेल. त्यात खर्जात आठ स्वरांची एक ओळ आहे, ती अठ्ठावीस वेळा जशीच्या तशी येते. वर तीन व्हायोलिनं. पहिलं चाल सुरू करतं, एक फेरी झाल्यावर दुसरं तीच चाल पहिल्यापासून धरतं, आणखी एका फेरीने तिसरं. पहिले तीन दिवस फक्त ते आठ स्वर ऐका, वर काय चाललंय तिकडे लक्षच देऊ नका. मग दुसऱ्या व्हायोलिनचा प्रवेश पकडा. समेची सवय झालेल्या कानाला ही आठ स्वरांची फेरी लगेच पटते.

त्यानंतर बेथोव्हेनच्या पाचव्या सिंफनीचा पहिला भाग. रचना १८०८ साली प्रथम सादर झाली, हा भाग साधारण सात-आठ मिनिटांचा. इथे फेरी नाही, म्हणून धरायचं वेगळं आहे. तीन आखूड स्वर आणि एक लांब, हा चार स्वरांचा तुकडा. सुरुवातीचा सगळा हिस्सा बहुतेक वादनांत पुन्हा एकदा वाजतो. मग तो तुकडा तोडला-मोडला जातो, दूरच्या स्वरांत फिरतो, आणि शेवटी पूर्ण जोराने परत येतो. परतीची जागा हुकली तर एक खूण लक्षात ठेवा. त्यानंतर थोड्याच वेळात सगळे थांबतात आणि एकटा ओबो (फुंकून वाजवायचं वाद्य) आलापीसारखा छोटा तुकडा वाजवतो. तो ऐकू आला म्हणजे परत येऊन झालं होतं. मागे जा आणि पुन्हा पकडा.

जाझसाठी एकच रचना सुचवते, माइल्स डेव्हिसचा १९५९ सालचा ‘सो व्हॉट’. त्याची फेरी बत्तीस मापांची, दर मापात चार ठोके, आणि एक फेरी मिनिटाच्या आत पुरी होते. पहिली सोळा मापं एका जागी, पुढची आठ तेच सगळं अर्ध्या स्वराने वर चढवून, शेवटची आठ परत मूळ जागी. स्वर म्हणाल तर आपल्या काफी थाटाचेच, त्यामुळे परकं वाटणार नाही. ट्रंपेट, टेनर सॅक्सोफोन, आल्टो, पियानो असे एकेक वादक याच फेऱ्यांवर उपज करतात, म्हणजे आयत्या वेळी नवं रचत वाजवतात. ती अर्ध्या स्वराची चढण आणि उतरण पकडा. बाकी सध्या काही नको.

हिंदी सिनेमाचं जुनं संगीतही या कामात हलकं समजू नका. मुंबईच्या स्टुडिओंत माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस आणि शंकर-जयकिशन यांच्याकडचे सेबास्टियन डिसोझा यांच्यासारख्या गोंयकारांनी जे वाद्यमेळ लिहिले, ते थर ऐकण्याचा उत्तम सराव आहेत. पन्नास-साठच्या दशकातलं पाठ असलेलं एखादं गाणं घ्या, गायकाला मुद्दाम सोडून द्या आणि शब्दांच्या मागे व्हायोलिनं काय बोलतात तेवढंच ऐका. हे बसमध्येही जमतं.

काळाचा फरक ऐकायचा असेल तर तुमची शिदोरी घरचीच आहे. १८८२ च्या सौभद्रात साकी, दिंडी, कामदा अशा सुटसुटीत चाली भरपूर. १९११ च्या मानापमानात गोविंदराव टेंब्यांनी बंदिशी-ठुमऱ्यांच्या वळणाच्या चाली आणल्या, आणि पद म्हणजे अर्धी मैफलच झाली. साठच्या दशकात मंगेशीचे जितेंद्र अभिषेकी आले आणि पद पुन्हा आटोपशीर झालं. प्रत्येकातलं एक पद घ्या, तिन्ही सलग ऐका आणि गायकाला शब्द सोडून किती वेळ खेळायला मिळतोय एवढंच पाहा. १९६७ च्या ‘कट्यार काळजात घुसली’त तर अभिषेकींनी तुमच्यासाठी स्वाध्यायच ठेवलाय. ‘घेई छंद मकरंद’ हे एकच पद दोन घराण्यांच्या दोन गायकींत येतं, एकदा सालगवराळी रागात आणि एकदा धानी रागात. शब्द पक्के, बाकी सगळं हललेलं.

जुन्या ध्वनिमुद्रणांबाबत मात्र सावध. मिनिटाला अठ्ठ्याहत्तर फेऱ्यांच्या दहा इंची तबकडीच्या एका बाजूला जेमतेम सव्वातीन-साडेतीन मिनिटं मावत. १९७७ मध्ये व्हॉयेजर यानांबरोबर अंतराळात गेलेली केसरबाईंची ‘जात कहां हो’ ही भैरवी साडेतीन मिनिटांची आहे. त्यावरून त्या पिढीचं गाणं आखूड किंवा घाईचं होतं असा समज करून घेऊ नका. मैफलीत तासभर चालणारा राग तबकडीसाठी पिळून काढलेला असे, म्हणून बढत (रागाचा संथ विस्तार) गाळून थेट बंदिश आणि ताना. शिवाय त्या यंत्रणेत खालचे नाद नीट उतरत नसत, त्यामुळे डग्ग्याची घुमी शोधायला या तबकड्या निरुपयोगी. त्या आवाजाचा लगाव आणि तानेची घडण ऐकायला ठेवा.

आता बसचं. फोनच्या बारक्या स्पीकरवर खर्ज जवळजवळ उमटतच नाही. पाखेलबेलचे आठ स्वर आणि डग्गा दोन्ही तिथे हरवतात. साधे पण कानात घट्ट बसणारे इअरफोन घ्या. तरी बसच्या इंजिनाची घरघर नेमकी खालच्या नादांवरच चढते. म्हणून बसमध्ये सिनेसंगीत, नाट्यपदं, तियात्राची (कोंकणी नाटकाची) कांतारां, म्हणजे गाणी, असं ठसठशीत काही ठेवा, आणि ख्याल किंवा सिंफनीसाठी घरी रात्रीची वीस मिनिटं. एक गाणं संपलं की दुसरं आपोआप लागतं ती सोय बंद करा. ऐकलेलं कानात ठरायच्या आत पुढचं आदळतं. ऐकून झाल्यावर वहीत एकच ओळ: आज काय नवं ऐकू आलं. ‘छान वाटलं’ ही ओळ चालणार नाही, ‘तानेनंतर घुमी परत आली ती आज न मोजता कळली’ ही चालेल. सलग चार दिवस नवं काही लिहायला सापडलं नाही तर रचना बदलू नका. प्रश्न बदला. आवाज ऐकत होतात तर साथीची पेटी ऐका, व्हायोलिन ऐकत होतात तर खर्ज.

‘आपलं तेवढंच ऐकू का’ याचं उत्तर घुमटाकडेच आहे. २०१९ मध्ये गोव्याचं वारसा वाद्य म्हणून जाहीर झालेलं हे मडकं चवथीच्या आरतीतही वाजतं आणि मांडोमागेही. तुमच्या नाट्यपदांना साथ करणारा ऑर्गन युरोपचा. आपलं कोणतं याची वाटणी करत बसलात तर हातात फार थोडं उरेल. तरी पहिले सहा महिने घराजवळच राहा: दोन नाट्यपदं, एक भूप, एक मांडो. मग पाखेलबेल.

हार्मोनियमचा क्लास ऐकण्यासाठी आवश्यक नाही. वाजवायची हौस असेल तर जरूर लावा, पण पेटीवर स्वर सुटे-सुटे येतात, मींड येत नाही, आणि ख्यालातलं निम्मं सौंदर्य दोन स्वरांच्या मधल्या वाटेत असतं. श्रोत्याला त्याहून उपयोगी पडतं ते सहा महिने तबल्याचे ठेके शिकणं. बोटं तयार झाली नाहीत तरी तोंडाने म्हणता आले तरी पुरेसं आहे. गुरुजींना पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगा की वादक व्हायचं नाही, ऐकणारं व्हायचं आहे. तीनताल, एकताल, झपताल, रूपक, दादरा, केरवा, एवढे सहा ठेके हाताने टाळी आणि खाली (टाळी न वाजवता हात उलटा करायची जागा) दाखवत म्हणता यायला हवेत. रूपकाला वेळ लागेल, कारण त्याची सुरुवातच ‘खाली’च्या मात्रेपासून होते आणि डग्ग्याच्या घुमीची वरची युक्ती तिथे उलटी चालते. तो शेवटी ठेवा.